प्रभावहिनी आणि तात्यांचा तांब्या

माझी भावजय प्रभावती प्रार्थनेला उभी राहिली, की ज्या बायका गॅसवर डाळ ठेवून आलेल्या असतात त्या मागच्या मागे निसटतात. त्यांना अनुभव असतो. वहिनी आधी उगवलेल्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानतात, मग हायवेवरून जाणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी रक्षण मागतात, मग आजारी माणसं नावानिशी घेतात, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग सरकार. सरकारपाशी आल्या की आम्ही ओळखतो, आता निम्मं झालं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, देवाला एवढं समजावून सांगावं लागतं का?" तर म्हणाल्या, "तुम्हाला मंडळीची काळजी न्हाई बेबीबाई, म्हणून तुमची प्रार्थना आखूड." नणंदेला तोंडावर एवढं ऐकवणारी भावजय आमच्याच घरात निघायची होती.

आम्ही दोघी विधवा, एका चुलीवर. आधी माझा थोरला भाऊ गेला, पुढं माझे मालक गेले, आणि मी वडीगोद्रीला माहेरी परत आले. लोकांना वाटलं होतं, महिनाभरात दोघींची जुंपेल. जुंपते, रोजच जुंपते, पण भाकरी एकाच परातीत थापतो. वहिनी माहेरच्या जुन्या जालन्याच्या. कापडदुकानांच्या गल्लीत वाढल्या, तिथंच शिवण शिकल्या. गावातल्या निम्म्या पोरांच्या शाळेच्या ड्रेसवर त्यांच्या मशीनची शिलाई आहे. प्रार्थना सोडली तर बाकी सगळं त्यांना मापात लागतं. भाजीतलं मीठ, पदराची घडी, पोरांची शिस्त.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पत्र्याचं प्रार्थनाघर, पाळकसाहेब जालन्याहून महिन्यातून एकदा येणार, बाकीचे रविवार गावातले वडीलधारे चालवून नेणार. संडे स्कूल मात्र कधी बंद पडलं नाही, कारण ते वहिनींच्या हातात. आणि त्यांनीच एका रविवारी उपासना संपल्यावर उभं राहून विचारलं, "दाराजवळच्या खुर्चीवर तातेरावमामा बसायचे. ते किती दिवस झाले दिसून न्हाई राह्यले, कुणाच्या लक्षात हाय का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तातेरावांचे, म्हणजे आमच्या तात्यांचे, गुडघे गेले होते, प्रार्थनाघराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. चतुराबाईला दिसत नव्हतं. आणखी दोन-तीन म्हातारी माणसं अशीच घरात बसून होती. कुणी त्यांना टाकलं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"ते येऊ शकत न्हाईत, तर पोरं जातील," वहिनींनी जाहीर करून टाकलं. "संडे स्कूलचा शेवटचा तास म्हाताऱ्यांच्या घरी."

आईबाप काय गप्प बसतात? कुणी म्हणालं, पोरांचा अभ्यास बुडतो. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या माणसांचे आजार लेकरांना लागतील. वहिनी म्हणाल्या, "आजाराचं मी बघते. म्हातारपण काही लागत न्हाई, ते आपल्या पायानं येतं." घरोघर फिरल्या, एकेका आईला धरून बसवलं, चार ठिकाणी माझ्यादेखत अपमान गिळला. "सेवा ही काय पुस्तकातून शिकायची गोष्ट हाय का?" हे वाक्य त्या काळात मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेत पाठ होतं. शेवटी आया तयार झाल्या, पण एका बोलीवर. काही बरंवाईट झालं, तर त्या दिवसापासून बंद.

पोरं मात्र खूश होती. चतुराबाईची सुई ओवून द्यायची, कुणाच्या चष्म्याच्या काचा पुसायच्या, कुणाची नखं काढायची, कुणाच्या पुण्यातल्या नातवाला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, आणि मग गाणी. घोळ झाला तो पहिल्याच महिन्यात. चतुराबाईने प्रेमाने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पुढं केला, आणि आमच्या सेवाभावी टोळीने तो तळापर्यंत साफ केला. म्हातारीचा महिन्याचा खाऊ होता तो. तिची सून आमच्या दारात येऊन जे बोलली, ते मी इथं लिहीत नाही.

वहिनींना ते फार लागलं. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. म्हाताऱ्यांच्या घरी काही घ्यायचं नाही. लाडू नाही, गोळी नाही, पाणीसुद्धा नाही. "आपण द्यायला जातो, घ्यायला न्हाई," असं पोरांकडून म्हणवून घेतलं. प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची रंगीत बाटली आली. दुसरा नियम जुनाच होता, प्रार्थनेत डोळे गच्च मिटायचे.

हा दुसरा नियम मोडायला एक पोरगी होती, सलोमी. चौथीत होती. तिचे डोळे मिटतच नसत. एक मिटला की दुसरा उघडे. दर रविवारी आमेन झालं की वहिनी म्हणणार, "सलोमी, आज पण?" आणि ती मान खाली घालणार. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुमचे डोळे मिटलेले असतात, मग तिचे उघडे तुम्हाला दिसतात कसे?" याचं उत्तर मला मिळालं नाही. त्या दिवशीचा चहाही मिळाला नाही.

आता तात्यांचं सांगते. तातेराव म्हणजे माझ्या वडिलांच्या वारगीचे, त्यांच्या सोबत्यांत सगळ्यात धाकटे. मी गावची लेक म्हणून त्यांना तात्या म्हणते, वहिनी सून म्हणून मामा म्हणतात. जवानीत त्यांनी कॅनॉल खोदायच्या कामावर वर्षानुवर्षं मातीच्या पाट्या वाहिल्या. आजही त्या कॅनॉलला ते "माझा कॅनॉल" म्हणतात, आणि कुणी हसत नाही. अलीकडं त्यांचं डोकं मागंपुढं व्हायला लागलं होतं. मधेच जुन्या काळात जायचे, गेलेल्या माणसांची नावं घेऊन हाका मारायचे. मुलगा मोसंबीच्या गाडीवर ड्रायव्हर, बहुतेक बाहेरच. सगळं बघायची ती सून करुणा. ती गुणी पोर. पण एकटी किती पुरणार?

दर रविवारी आम्ही गेलो, की तात्या खाटेवरून उठायचे. हळूहळू माठापाशी जायचे, तांब्या आतून-बाहेरून विसळायचे, भरायचे, वर गिलास पालथा घालायचे, आणि तो तांब्या पोरांच्या समोर जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरायचे. कंबर वाकत नव्हती तरी खाली वाकून ठेवायचे. पोरं वहिनींकडे बघायची. वहिनी गोड आवाजात म्हणायच्या, "मामा, कशाला तरास घेता? लेकरांपाशी बाटल्या हायेत." तात्या थोडा वेळ उभे राहायचे. मग तांब्या उचलून माघारी नेऊन ठेवायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आम्हाला वाटायचं, म्हातारं माणूस, विसरतं.

त्या रविवारी ऊन चढलं होतं आणि कॅनॉलला पाणी सुटलेलं होतं. आम्ही तात्यांकडे पोचलो तर करुणा दळणाचा डबा घेऊन दारातच उभी. "टीचर, तुम्ही हायेत तवर मी गिरणीवरून येते. मामांकडं लक्ष ठेवा. मागं एकदा कॅनॉलवर जाऊन बसल्ते, लई घाबरवलं आम्हाला."

"तू बिनघोर जा," वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी तांब्या आणला, ठेवला, मागं सरले. वहिनींनी नको म्हटलं. त्यांनी तांब्या उचलला, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे राहिले. पोरांनी गाणी म्हटली, एकीने बायबलातलं वचन वाचलं, दोघांनी अंगण झाडलं. मग वहिनी म्हणाल्या, "डोळे मिटा." आम्ही मिटले.

प्रार्थना नेहमीसारखीच झाली. दिवस, ड्रायव्हर, आजारी, परीक्षा, सरकार. सरकारानंतर त्यांनी गावातल्या एकेका म्हाताऱ्याचं नाव घेतलं, आणि तात्यांवर तर त्या बराच वेळ थांबल्या. "प्रभो, तुझ्या या वृद्ध दासाला एकटं वाटू देऊ नको," असं काहीतरी फार सुंदर बोलल्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आमेन झालं, डोळे उघडले, आणि वृद्ध दास जागेवर नव्हता.

आधी कुणाला काही वाटलं नाही. आतल्या खोलीत असतील. नव्हते. मोरीत नव्हते. पुढच्या दारात तर आमचीच पोरं बसलेली, तिथून मांजर जायला वाट नव्हती. मागचं दार मात्र उघडं होतं, आणि त्याच्यापलीकडं परसातून एक वाट शेतांमधून सरळ कॅनॉलला जाते. दुसरी घराला वळसा घालून हायवेकडं. एकीकडं भरून वाहणारं पाणी, दुसरीकडं भरधाव गाड्या.

"कुणी पाह्यलं का मामांना?" वहिनींनी विचारलं. पोरं पाहणार कसं? सगळ्यांचे डोळे टीचरने सांगितल्याप्रमाणे मिटलेले होते.

तेवढ्यात करुणा डोक्यावर डबा घेऊन दारात आली. तिला सांगायची वेळच आली नाही, आमची तोंडं बघून समजली. डबा खाली आपटला, पीठ उडालं. "टीचर, तुमच्यावर सोपवून गेल्ते ना मी!" एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि सलोमी रडायला लागली. हमसून नाही, ओठ गच्च मिटून. वहिनी तिच्यापाशी गेल्या.

"सलोमी, तुझे डोळे उघडे होते का?"

"न्हाई टीचर. मी बराबर मिटल्ते."

वर्षभर त्या लेकराला एकाच गोष्टीसाठी बोलणी बसली होती. आता खरं बोलायची वेळ आली आणि तिला वाटलं, हीच ती पकडली जायची वेळ. वहिनी गुडघे दुखत असताना तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई माझी, आज माझ्यावर उपकार कर आणि उघडे होते म्हण. तुला कुणी काही म्हणणार न्हाई. मी शब्द देते."

सलोमीने बघितलं, खरं बोलतायत का. मग म्हणाली, "आजोबा मागच्या दारानं गेले. हातात तांब्या होता. त्यांनी मला असं केलं," आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "म्हणून मी काही बोलले न्हाई."

तांब्या म्हटल्यावर सगळ्यांनाच उलगडलं. तांब्या घेऊन मागच्या दाराने निघालेल्या माणसाला कुठं चाललात असं कुणी विचारत नाही. घरात संडास होऊन इतकी वर्षं झाली, पण तात्यांचं डोकं जुन्या काळात गेलं की पायही जुन्याच सवयीने परसाकडं, शेताकडं जायचे. आणि शेताच्या टोकाला कॅनॉल. करुणा पदर खोचून पळत सुटली, तिच्यामागं वहिनी, त्यांच्यामागं मी. मोठ्या मुलींना म्हटलं, लेकरं घेऊन अंगणातच बसा, कुणी हलू नका. सलोमीने माझा हात सोडलाच नाही, म्हणून ती बरोबर आली.

कॅनॉल काठोकाठ भरून वाहत होता. एरवी ते पाणी बघून जीव सुखावतो, उसाला, मोसंबीला तेच पाणी. त्या दिवशी मला त्याच्याकडं बघवेना. पलीकडं बायका धुणं धूत होत्या. करुणाने ओरडून विचारलं, त्यांनी हात हलवले. कुणी आलं नाही, कुणी दिसलं नाही. करुणा काठाकाठाने खाली पळाली. वहिनी मात्र तिथंच मातीत बसल्या. मला वाटलं, आता प्रार्थना करणार, आणि एवढा वेळ आमच्यापाशी नव्हता. पण वहिनींनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. पाण्याकडं बघत म्हणाल्या, "देवा, मामांना दे." आणि पुन्हा, "मामांना दे." बस्स. त्यांची इतकी आखूड प्रार्थना मी त्याआधी ऐकली नव्हती.

सलोमी माझा पदर ओढायला लागली. "आजी, त्यांचा गिलास वाजत होता."

"कोणता गिलास, बाई?"

"तांब्यावरचा. पालथा होता ना. वाजू नये म्हणून आजोबांनी वरून हात धरल्ता."

वहिनींनी झटकन मान वर केली. "पालथा गिलास? तांब्या भरलेला होता?"

"हो. सांडत होतं थोडं थोडं."

"बेबीबाई," वहिनी उठताना माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "परसाकडं जाताना तांब्यावर कुणी गिलास घालतं का? ते पाहुण्याला द्यायचं पाणी हाय. मामा शेतात न्हाई गेले. माणसांकडं गेलेत."

माणसं म्हणजे हायवे. आम्ही करुणाला हाक मारली आणि उलट्या पळालो. मी साठी ओलांडलेली बाई, चप्पल हातात घेऊन पळत होते. वळशाच्या वाटेवर धुळीत पाण्याचे थेंब वाळत आले होते. ते बघितले आणि आशा वाटली, पण पुढं उसाच्या ट्रॅक्टरांचे भोंगे ऐकू यायला लागले आणि आशा पुन्हा गळाली. तो रस्ता जवान माणूस दहादा बघून ओलांडतो. तात्यांना तर डाव्या कानाने ऐकूही येत नाही.

रस्त्याच्या पलीकडं कडूबाची रसवंती आहे, लिंबाच्या झाडाखाली. उसाच्या चरकाशेजारी लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर, मांडीवर तांब्या घेऊन, तात्या.

काय वाटलं ते कसं सांगू! करुणा रस्त्याच्या अलीकडंच मोठ्याने रडायला लागली, आणि रडता रडता हसत होती. वहिनींनी आम्हाला मागं घेऊन रस्ता ओलांडला तो हात वर करून, ट्रॅक्टर थांबवून, पोलिसासारखा. आणि तात्यांपाशी पोचल्याबरोबर पहिलं काय केलं, तर त्यांच्यावर ओरडल्या. "मामा, असं कुणी जातं का न सांगता! जीव गेल्ता आमचा!" मग पदर तोंडाला लावला.

कडूबा चरक थांबवून पुढं आला. हा गावातल्या मराठ्यांचा मुलगा, म्हणजे मुलगा कसला, आता त्याचीही पन्नाशी झाली. "ओरडू नका काकू," तो म्हणाला. "मी पाह्यलं, रस्त्याच्या कडंला उभे होते. गाड्या थांबवल्या अन् आणलं हाताला धरून. तवापासून एकच लावलंय. मला म्हणून राह्यले, कडूबा, तू जल्दी घरी चल."

"कशाला?" करुणाने विचारलं.

कडूबा थोडा घुटमळला. "म्हणतेत, घरी लेकरं आल्यात, ती माझ्या हातचं पाणी पीत न्हाईत. पाणी माझ्याच घरचं हाय, पण तू तुझ्या हातानं वाढ, म्हणजे पितील. मी म्हणलं, तात्या, आता कोण पाळतं तसलं? तर म्हणले, हे पाळतेत. दर रविवारी पाळतेत."



ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण विहीर बदलली नाही. विहिरीवर आमच्या माणसांनी लांब उभं राहायचं, कुणीतरी येऊन वरून ओतायचं, तेव्हा घागर भरायची. कुणाला पाणी द्यायची वेळ आली तर जमिनीवर ठेवायचं आणि मागं सरायचं. तात्यांनी कॅनॉल खोदला तेव्हा तिथंही त्यांचा माठ वेगळा होता, हे मी वडिलांकडून ऐकलेलं. म्हणजे ते जमिनीवर ठेवणं, ते दोन पावलं मागं सरणं, हे सगळं आमच्या डोळ्यांपुढं दर रविवारी होत होतं. तात्यांच्या डोक्यात साल कुठलं चालू होतं देव जाणे, पण त्यांच्या घरात दर रविवारी एक बाई यायची, बरोबर नव्याकोऱ्या कपड्यांतली पोरं यायची, गोड बोलायची, आणि त्यांचं पाणी नको म्हणायची.

वहिनी खुर्चीसमोर वाकून म्हणाल्या, "मामा, मला लई तहान लागली. पाणी द्या."

तात्यांनी तांब्या कडूबाच्या पुढं केला. "दे रे."

कडूबा मोठा समजूतदार. दोन्ही हात पाठीमागं घेऊन म्हणाला, "माझे हात रसानं चिकट झालेत तात्या. तुम्हीच द्या."

तात्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. गिलास सुलटा केला, त्यात पाणी ओतलं. निम्मं धोतरावर सांडलं. मग सवयीप्रमाणे वाकले आणि गिलास जमिनीवर ठेवायला लागले. वहिनींनी हात पुढं केला. "खाली नको, मामा. हातात द्या."

त्यांनी हातात दिला. वहिनी तो गिलास तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग मी प्यायले, मग करुणा, मग सलोमी. तेवढ्यात तांब्या संपला. "घरी चला," तात्या एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "माठ भरलेला हाय." कडूबाने गाड्या थांबवल्या आणि आम्ही वरात निघावी तसे रस्ता ओलांडून आलो. अंगणात पोरं रडकुंडीला येऊन बसली होती. आजोबा दिसल्याबरोबर एकच कल्ला. वहिनींनी दारातच सांगितलं, "बाटल्या काढा गळ्यातल्या. अन् आजोबांकडून पाणी घ्या, एकेकानं." माठ रिकामा झाला. करुणाने तो दुसऱ्यांदा भरला, आणि वहिनींना फक्त म्हणाली, "टीचर, पुढच्या रविवारी लवकर या."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी ताट वाढून समोर बसले. म्हणाल्या, "बेबीबाई, विहिरीवरचा धडा मी किती वर्षं शिकवून राह्यले? येशूनं त्या शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं. जिच्या हातचं कुणी पीत नव्हतं, तिच्याकडं मागितलं. चित्र काढून शिकवते मी. त्यानं आपली बाटली न्हाई नेली विहिरीवर." मी म्हटलं, "वहिनी, आता भाकरी खा. तो धडा शिकवणारीला आज समजला, उशीर काही झाला न्हाई." त्यावर त्या माझ्यावर चिडल्या, म्हणजे बऱ्या झाल्या, आणि जेवल्या.

घडलेलं त्यांनी लपवलं नाही. सगळ्या आयांना गोळा करून स्वतः सांगितलं, आणि म्हणाल्या, आता तुम्ही ठरवा. सलोमीची आई सगळ्यांत आधी बोलली. ती म्हणाली, "माझी पोरगी येणार. तिचे डोळे लागतील तुम्हाला." बाकीच्या हसल्या आणि प्रश्न तिथंच मिटला.

नियम बदलले. म्हाताऱ्यांच्या घरी गेलं की आधी पाणी मागायचं आणि हातातून घ्यायचं. लाडू दिला तर एकच, हे मात्र वहिनींनी ठासून सांगितलं. आणि प्रार्थनेच्या वेळी निम्म्या पोरांनी डोळे मिटायचे, निम्म्यांनी उघडे ठेवून आजोबांचा हात धरायचा. पाळकसाहेबांना हे पटलं की नाही माहीत नाही, वहिनींनी त्यांना विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा तात्या दारातच होते, धुतलेलं धोतर नेसून, तांब्या भरून. पोरं ओळीने उभी राहिली. एकेकाच्या हातात गिलास देताना ते नाव विचारत होते आणि लगेच विसरत होते. सलोमी दोनदा ओळीत आली, त्यांनी दोनदा नाव विचारलं, तिने दोनदा सांगितलं. सगळ्यांचं झाल्यावर तात्या खाटेवर बसले. दमले होते, पण चेहरा असा की बघत राहावं.

मी मनात म्हटलं, आता ड्रायव्हर आणि सरकार. पण वहिनी उभ्या राहिल्या नाहीत. त्या तात्यांच्या पायांशी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, आज प्रार्थना तुम्ही करा."

तात्यांनी हात जोडले. डोळे मिटले नाहीत. समोर बसलेल्या लेकरांकडं बघतच बोलले.

"देवा, लेकरं पाणी प्याली. आमेन."